संथ गाठ जेव्हा चाल बदलते

“गाठ जुनीच हाय मॅडम, धा वर्सं झाली. ह्या महिन्यात लई वाढलीया.”

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या भागातल्या कुठल्याही ओपीडीत थोडा वेळ बसलं, तर या अर्थाचं वाक्य कानावर पडतंच. सांगणाऱ्याला त्यातल्या पहिल्या निम्म्याचा आधार वाटत असतो. दहा वर्षं काही झालं नाही, म्हणजे गाठ निरुपद्रवीच असणार, असा त्याचा सरळ हिशेब. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं हे माझं रोजचं काम, आणि मला त्या वाक्याचं दुसरं निम्मं जास्त महत्त्वाचं वाटतं. गाठ किती जुनी आहे हे कळायला हवंच. पण तिने वागणं कधी बदललं, या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

कॅन्सरविषयी आता बरंच लिहिलं जातं. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा, हे विषय घरोघरी पोचले आहेत आणि पोचायलाच हवेत. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. काही कॅन्सर वर्षानुवर्षं संथ असतात, इतके की डॉक्टर औषधही न देता नुसतं लक्ष ठेवतात. आणि मग त्यातलाच एखादा काही आठवड्यांत आक्रमक होतो. पेशींचं रूप पालटतं, वाढीचा वेग पालटतो, उपचारही पालटावे लागतात. वैद्यकात याला ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात, आपण रूपांतर म्हणू. हे घडतं थोड्यांच्या बाबतीत, पण ज्यांच्या बाबतीत घडतं त्यांच्यासाठी पुढचे काही आठवडे निर्णायक असतात. म्हणून हा लेख.

या गोष्टीची पहिली ठळक नोंद १९२८ सालची आहे. न्यूयॉर्कमधले पॅथॉलॉजिस्ट मॉरिस रिक्टर यांनी ४६ वर्षांच्या एका रुग्णाचं शवविच्छेदन केलं. त्या माणसाला रक्ताचा एक संथ कॅन्सर होता, आज ज्याला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, थोडक्यात सीएलएल म्हणतात तो. पण शेवटच्या थोड्या आठवड्यांत त्याच्या शरीरातल्या लसिकाग्रंथी झपाट्याने वाढल्या आणि तो दगावला. रिक्टर यांना ग्रंथींमध्ये दोन प्रकारच्या पेशी दिसल्या: एकीकडे सीएलएलच्या लहान, एकसारख्या पेशी आणि शेजारीच मोठ्या, ओबडधोबड, भराभर विभागणाऱ्या पेशी. एकाच माणसात दोन कॅन्सर, की एकातूनच दुसरा निघाला? तेव्हा याचं उत्तर द्यायला साधनं नव्हती. आज ती आहेत. साधारण पाचांपैकी चार रुग्णांत मोठ्या पेशी जुन्या कॅन्सरच्याच वंशातल्या निघतात. उरलेल्या एकात तो खरोखरच नवा, वेगळा लिम्फोमा असतो, आणि असा वेगळा निघाला तर तो तुलनेने बरा. औषधांना चांगली दाद देतो. सीएलएलच्या शंभर रुग्णांपैकी दोन ते दहा जणांना आयुष्यात कधी तरी हे रूपांतर गाठतं. त्याला आजही रिक्टर यांचंच नाव आहे.

आपल्याकडे सीएलएल पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी. लिम्फोमाच्या कुटुंबातला दुसरा संथ प्रकार, फॉलिक्युलर लिम्फोमा, हाही तसा कमीच. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २७७३ लिम्फोमांचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात एक तृतीयांशाहून थोडे जास्त लिम्फोमा मोठ्या पेशींच्या आक्रमक प्रकाराचे, म्हणजे डीएलबीसीएल होते; फॉलिक्युलर साधारण साडेबारा टक्के. युरोप-अमेरिकेत फॉलिक्युलरचं प्रमाण याच्या दीडपट-दुप्पट भरतं. मला एक शंका नेहमी वाटते. आपल्याकडे आक्रमक म्हणून समोर येणाऱ्या काही लिम्फोमांच्या मागे काही वर्षांची संथ, कुणी न पाहिलेली गाठ असावी. रुग्ण आपल्यापर्यंत पोचतो तोच दुसऱ्या अंकात.

फॉलिक्युलर लिम्फोमाचं वागणं समजून घेतलं की रूपांतराचं गणित कळतं. मान, काख, जांघ इथे दुखणं नसलेल्या, रबरासारख्या गाठी येतात. कधी वाढतात, कधी आपोआप थोड्या ओसरतात. माणूस शेतावर जातो, बाजार करतो, वारीला जातो. निदान झाल्यावर डॉक्टर सांगतात की हा कॅन्सर आहे, पण आत्ता औषधाची गरज नाही. तीन-चार महिन्यांनी येत राहा. घरच्यांना हे पटत नाही. कॅन्सर आहे आणि औषध नाही, हे कसलं बोलणं? मुलगा रागावतो, पाहुणे दुसरा डॉक्टर सुचवतात. म्हणून यामागचा पुरावा सांगायला हवा. ब्रिटनमध्ये ३०९ रुग्णांना दोन गटांत विभागून एका गटाला लगेच औषध दिलं आणि दुसऱ्याला फक्त देखरेखीखाली ठेवलं. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. सरासरी सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक नव्हता. थांबणाऱ्यांचं नुकसान झालं नाही, उलट त्यातल्या काहींना कित्येक वर्षं औषधच लागलं नाही.

पण या थांबण्याला एक अट आहे: येत राहायचं. तपासणी चुकवायची नाही. अमेरिकेत नव्याने निदान झालेल्या ६३१ फॉलिक्युलर रुग्णांचा असाच पाठपुरावा झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. सुमारे पाच वर्षांत त्यातल्या ६० जणांच्या लिम्फोमाचं रूपांतर झालं, म्हणजे वर्षाला शंभरात दोघांच्या आसपास. रूपांतरानंतर निम्मे रुग्ण चार वर्षांहून अधिक जगले. जुन्या काळात हा आकडा एक-दोन वर्षांचा असे. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. निदानानंतर पहिल्या दीड वर्षातच ज्यांचं रूपांतर झालं, त्यांच्यापैकी पाच वर्षं जगणारे शंभरात २२. ज्यांचं त्यानंतर झालं, त्यांच्यात ६६. म्हणजे निदान नवं असताना, रुग्ण अजून धडधाकट दिसत असताना, डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. आणि नेमक्या याच काळात आपल्याकडचे लोक “आता बरं वाटतंय” म्हणून यायचे थांबतात.

हे घडतं तरी कसं? फॉलिक्युलर लिम्फोमाच्या बहुतेक रुग्णांत १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते. त्यामुळे बीसीएल-२ नावाचं जनुक सतत चालू राहतं आणि पेशी वेळ झाली तरी मरायचं नाव घेत नाही. गंमत अशी की ही अदलाबदल असलेल्या तुरळक पेशी धडधाकट माणसांच्या रक्तातही सापडतात आणि त्यातल्या बहुतेकांना लिम्फोमा कधीच होत नाही. म्हणजे एवढ्या एका बिघाडाने भागत नाही. पुढचे बिघाड साचत जातात: पेशीच्या वाढीचा वेग ठरवणारं मिक जनुक बेफाम होतं, खराब पेशीला आवर घालणारं टीपी-५३ निकामी होतं, आणखी एक लगाम, सीडीकेएन-२ए, गळून पडतो. मिक आणि बीसीएल-२ दोन्ही बिघडले असतील तर त्या लिम्फोमाला डबल-हिट म्हणतात, आणि तो फारच वेगाने धावतो.

पूर्वी समज असा होता की जुना संथ कॅन्सर हळूहळू पायऱ्या चढत आक्रमक होतो. गेल्या काही वर्षांतल्या जनुकीय अभ्यासांनी हे चित्र बदललं. बऱ्याच रुग्णांत आक्रमक पेशी आजच्या संथ पेशींपासून थेट आलेल्या नसतात. दोघांचा एक समान पूर्वज असतो. उसाच्या एकाच बुडख्याला दोन फुटवे यावेत, एक सावकाश वाढावा आणि दुसरा जोरात, तसं. ही गोष्ट उपचारांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. संथ फुटवा औषधाने कापला तरी बुडखा जमिनीत असू शकतो. म्हणून पूर्ण बरं वाटल्यानंतरही कित्येक वर्षांनी पुन्हा काही उगवू शकतं, आणि ते जुन्यासारखंच असेल याची खात्री नसते.

आता माझ्या टेबलावर काय दिसतं ते सांगते. काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीतून येते. तिचे पातळ काप करून ते रात्रभर वेगवेगळ्या द्रावणांतून जातात आणि सकाळी वितळलेल्या मेणात बसवले जातात. मेण थंड झालं की छोट्या वडीएवढा ब्लॉक तयार. त्या ब्लॉकवरून तीन-चार मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या-विसाव्या भागाइतका काप पाण्यावर तरंगवून काचेवर घेतात आणि निळ्या-गुलाबी रंगांत रंगवतात. संथ फॉलिक्युलर लिम्फोमात कमी वर्धनावरसुद्धा एक नक्षी दिसते: गोल-गोल गुच्छ, एकमेकांना खेटून, साऱ्या ग्रंथीभर. त्यात मोठ्या पेशी किती, हे मोजतात. एका दृश्यक्षेत्रात पंधरापर्यंत असतील तर हे संथ प्रकरण. रूपांतर झालेल्या ग्रंथीत ती नक्षी पुसलेली असते. गुच्छ नाहीत, मधल्या जागा नाहीत, मोठमोठ्या पेशींचा सलग थर पसरलेला. जिथे बघावं तिथे पेशी दुभंगताना दिसतात. मध्येच काही पेशी मेलेल्या, त्यांचा चुरा. केआय-६७ नावाचा रंग लावला की विभागणाऱ्या पेशी तपकिरी दिसतात. संथ प्रकारात दहा-वीस टक्के केंद्रकं तपकिरी, रूपांतरात अर्ध्याहून अधिक, कधी जवळजवळ सगळीच. स्लाइड पाहिली की पहिल्या मिनिटात शंका येते. मग सीडी-२०, सीडी-१०, बीसीएल-६, मिक असे रंग लावून ती पक्की करायची.

पण अवघड बाब अशी की हे सगळं दिसायला योग्य जागेचा पुरेसा तुकडा लागतो. शरीरात दहा गाठी असतील, त्यातल्या नऊ अजून संथच असतील आणि एकच पेटलेली असेल. हाताला सोपी लागते म्हणून भलतीच गाठ काढली, तर रिपोर्ट येतो “जुनाच आजार”, आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पेट-सीटीचा खरा उपयोग इथे होतो. शरीरात सोडलेली किरणोत्सारी साखर सर्वांत जास्त जिथे खेचली जाते, ती जागा स्कॅन दाखवतं. बायोप्सी तिथली घ्यायची. रिक्टर रूपांतराच्या संशयात तर या खेचण्याचा आकडा दहाच्या वर गेला की सावध व्हायचं, असा संकेतच आहे. स्कॅन एकट्याने निदान करत नाही, जागा सुचवतं. निदान तुकड्यावरच.

आपल्या भागातल्या तीन सवयींविषयी मला कळकळीने लिहायचं आहे.

पहिली सवय मानेतल्या गाठीला गंडमाळ समजून टीबीचं औषध चालू करण्याची. टीबी आपल्याकडे आहे, भरपूर आहे, आणि मानेच्या ग्रंथींचा टीबी नेहमी दिसतो. मिरजेला वानलेस हॉस्पिटलबरोबर टीबीचं सॅनेटोरियमही उभं राहिलं, ते उगीच नाही. त्यामुळे डॉक्टरांना टीबीची शंका येणं रास्तच आहे. पण तुकडा न तपासता केवळ अंदाजाने सहा महिन्यांचा कोर्स चालू करणं, आणि गाठ कमी होत नसतानाही तो रेटत राहणं, हे रास्त नाही. लिम्फोमाच्या रुग्णाचे या वाटेवर गेलेले महिने परत मिळत नाहीत. दीड-दोन महिन्यांच्या टीबीच्या औषधाने गाठ कमी झाली नाही, तर गाठ काढून तपासायला हवी. टीबीतही कधी कधी गाठ सुरुवातीला फुगते हे खरं, पण तो निर्णय तपासून घ्यायचा.

दुसरी सवय सुईच्या तपासणीवर, एफएनएसीवर, थांबण्याची. बारीक सुईने पेशी ओढणं स्वस्त, सोपं आणि टीबीसाठी उपयोगी. पण लिम्फोमात पेशींची मांडणी पाहावी लागते, आणि सुई मांडणी मोडून टाकते. रूपांतराची शंका असताना तर सुईचा रिपोर्ट “मोठ्या पेशी दिसल्या नाहीत” असा आला, तरी त्यावर विसंबता येत नाही. पूर्ण ग्रंथी, निदान जाड सुईची कोअर बायोप्सी, हवी.

तिसरी सवय सर्वांत घातक: स्टेरॉइडच्या गोळ्या. सूज आहे, ताप आहे म्हणून कुणीतरी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामिथासोन देतं. आठवड्याभरात गाठी वितळल्यासारख्या होतात, रुग्ण खूश होतो, डॉक्टरचं नाव होतं. स्टेरॉइड हे लिम्फोमाच्या उपचारातलंच एक औषध आहे, म्हणून गाठी बसतात. पण एकट्या स्टेरॉइडने लिम्फोमा जात नाही, तो लपतो. त्यानंतर घेतलेल्या बायोप्सीत मला मेलेल्या पेशींचा चुरा आणि सूज एवढंच दिसतं, नाव देता येत नाही. मग पुन्हा वाट पाहायची, पुन्हा वाढू द्यायची, पुन्हा काढायची. श्वास अडकण्यासारखी आणीबाणी सोडली, तर तुकडा आधी आणि स्टेरॉइड नंतर, हा क्रम कुणीही मोडू नये.

आणि एक छोटी गोष्ट. काढलेली गाठ सलाइनच्या बाटलीत घालून आणली जाते. सलाइनमध्ये पेशी सडतात. गाठीच्या दहापट फॉर्मॅलिन लागतं. ऑपरेशन थिएटरबाहेर बाटली हातात देतील तेव्हा “यात फॉर्मॅलिन आहे ना?” एवढं विचारायला नातेवाइकांनी संकोचू नये.

रूपांतर फक्त लिम्फोमातच होतं असं नाही. शरीरातल्या काही दुर्मीळ गाठींचीही हीच कथा आहे. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी हळूहळू वाढणारी लाळग्रंथीची गाठ पुष्कळांनी पाहिली असेल. बहुतेकदा ती प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, म्हणजे साधी गाठ असते. दुखत नाही, म्हणून लोक ती बाळगतात. ऑपरेशनने तोंड वाकडं होईल अशी भीतीही असते. पण तिच्यात कॅन्सर शिरण्याची शक्यता वयाबरोबर वाढते: पहिल्या पाच वर्षांत शंभरात दीड, पंधरा वर्षं ओलांडली की नऊ-दहा. अशी गाठ अचानक वाढू लागली, दुखू लागली, किंवा चेहऱ्याच्या त्या बाजूचा स्नायू लुळा पडला, तर तिचं रूप पालटलं असं समजून धावावं. वेळेवर, साधी असताना काढलेली गाठ अनुभवी सर्जनच्या हाती बहुतेकदा कायमची जाते. ती ठेवून देण्यात मला शहाणपण दिसत नाही.

पोटाच्या मागच्या भागात चरबीपासून होणारा लायपोसार्कोमा असाच फसवा. त्याचा संथ प्रकार चरबीसारखाच दिसतो. पोट सुटलं म्हणून माणूस पँट मोठी घेतो. त्या चरबीच्या मधोमध कधी कधी घट्ट, वेगळाच गोळा तयार होतो आणि तो फुप्फुसापर्यंत पसरू शकतो. या रूपांतराचं वर्णन हॅरी एव्हान्स यांनी १९७९ साली केलं. कूर्चेच्या संथ कॉन्ड्रोसार्कोमाचं असंच वर्णन डाहलिन आणि बीबाउट यांचं, १९७१चं. कूर्चेच्या गाठीत हे साधारण दहांत एकाला होतं, आणि झालं तर फार वाईट होतं. इथेही बायोप्सीची जागा चुकली तर निदान चुकतं. वर्षानुवर्षांचं गलगंड आठवड्यांत टणक झालं, आवाज बसला, गिळायला त्रास होऊ लागला, तर थायरॉइडच्या ॲनाप्लास्टिक कॅन्सरची शंका घ्यावी लागते. माणसाला होणाऱ्या सर्वांत वेगवान कॅन्सरांत त्याची गणना होते.

या संदर्भात एका मराठी माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. हे हॉस्पिटलच रक्ताच्या कॅन्सरच्या दुःखातून जन्मलेलं: लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या आणि दोराबजी टाटांच्या मनात भारतात असं केंद्र व्हावं हा विचार पक्का झाला. खानोलकरांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्याबरोबर धोतर बांधण्याच्या जागी, कमरेवर होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरचं वर्णन केलं. वर्षानुवर्षं घासल्या जाणाऱ्या, जुना व्रण असलेल्या जागी एक दिवस कॅन्सर होतो. यंत्रणा वेगळी, पण खानोलकर जे पाहायला शिकवत होते ते हेच: जुन्या, परिचित, दुर्लक्षित जागेकडे पुन्हा पाहा.

उपचारांकडे येऊ. मोठ्या पेशींच्या लिम्फोमावर जगभर दिल्या जाणाऱ्या आर-चॉप या मिश्रणातलं एक औषध व्हिनक्रिस्टीन. ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघालं. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांना जमैकाहून आलेली सदाफुलीची पानं मधुमेहासाठी तपासायची होती. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टीन मिळालं, आणि त्याचंच भावंड व्हिनक्रिस्टीन १९६३ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. हे वाचून कुणी सदाफुलीचा काढा सुरू करू नये, अशी हात जोडून विनंती. पानात हे द्रव्य इतकं कमी आणि त्याबरोबर इतर विषारी द्रव्यं इतकी, की त्याने मज्जा आणि नसा बिघडतात, लिम्फोमा बरा होत नाही.

आर-चॉपमधला ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब, लिम्फोमाच्या पेशींवरच्या सीडी-२० खुणेला चिकटणारं प्रतिपिंड. अमेरिकेत ते १९९७ साली आलं. किंमत आवाक्याबाहेर होती. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती आणली आणि मग तालुक्याच्या रुग्णालाही ते मिळू लागलं. रूपांतर झालेल्या ज्या रुग्णाने आधी हे मिश्रण घेतलेलं नसतं, त्याला त्यानेच मोठा गुण येऊ शकतो. आधीच घेऊन झालं असेल तर वाट खडतर होते. मग स्वतःच्याच मूळ पेशी काढून ठेवून जबर केमोथेरपी आणि प्रत्यारोपण. देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण टाटामध्येच १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं.

आणि आता कार-टी. रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना लिम्फोमाची सीडी-१९ ही खूण ओळखायला शिकवायचं, वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. अमेरिकेत २०१७ साली जे पहिले कार-टी उपचार मोठ्या पेशींच्या लिम्फोमासाठी मंजूर झाले, त्यात फॉलिक्युलरमधून रूपांतर झालेल्या लिम्फोमाचा उल्लेख होता. तिकडे त्याचा खर्च कोटींत जातो. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलबरोबर काम करून स्वदेशी कार-टी घडवलं. नेक्सकार-१९ या नावाने ते ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालं आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं. त्याचा खर्च परदेशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, तरीही तीस-चाळीस लाख. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांची. पाटण खोऱ्यातल्या कुटुंबाने हा फरक कुठून भरायचा? परळ आणि पवईत जे सिद्ध झालं ते योजनेच्या कागदावर येईपर्यंत आपण मागणी करत राहायला हवं. हे माझं ठाम मत आहे.

कराडला १९८४ पासून कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिरजेला १९६२ पासून शासकीय महाविद्यालय आहे, तिथेच सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटलही आहे. म्हणजे निदान आणि बरेचसे उपचार या पट्ट्यात होऊ शकतात. पुढच्या टप्प्यासाठी मात्र अजूनही बहुतेकांना ओगलेवाडीच्या स्टेशनवरून मुंबईला जाणारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडावी लागते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा या रुग्णांना थारा देते. तीनशे किलोमीटर जाऊन दर तीन महिन्यांनी दाखवणं परवडत नाही, म्हणून फेऱ्या सुटतात. त्यावर उपाय आहे. देखरेखीचं बरंचसं काम जवळच्या डॉक्टरकडे होऊ शकतं: गाठी हाताने तपासणं, वजन, रक्तगणना आणि एलडीएच नावाची स्वस्त रक्ततपासणी. एलडीएच अचानक चढलं, एकच गाठ बाकीच्यांना मागे टाकून वाढली, कारणाशिवाय ताप येऊ लागला, रात्री कपडे बदलावे लागतील एवढा घाम येऊ लागला, सहा महिन्यांत वजनाचा दहावा भाग उतरला, तर परळची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. त्याच आठवड्यात गाडी पकडायची.

जाताना जुन्या निदानाची फाइल असतेच, पण एक गोष्ट लोक विसरतात: मेणाचा ब्लॉक. ज्या प्रयोगशाळेत पहिली बायोप्सी झाली तिथे तो जपून ठेवलेला असतो. जुनी आणि नवी पेशी एकाच वंशाची की वेगळी, हे त्या ब्लॉकशिवाय ठरत नाही, आणि उपचार त्यावर बदलू शकतात. लॅबमध्ये एक अर्ज लिहून, पावती करून तो मागून घ्या. तो रुग्णाच्या शरीराचाच तुकडा आहे, उपचारासाठी मागायचा तुम्हाला हक्क आहे. पुठ्ठ्याच्या डबीत ठेवा, उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. काम झालं की परत आणून द्या, पुढे पुन्हा लागेल. आणि नवी गाठ काढायची वेळ आली की डॉक्टरांना तुम्हीच सांगा, “आधीचा लिम्फोमा होता, आता वागणं बदललंय, पुन्हा तपासायचंय.” हे एक वाक्य फॉर्मवर लिहून आलं, तर आम्हा पॅथॉलॉजिस्टांचं अर्धं काम सोपं होतं.